टकटक करणारी डिस्क आणि काकूंचा पाळणा

गाण्याच्या पार्टीत नवी गाणी वर्षाला पाच-सहाच होतात, किस्से मात्र दर तालमीला! शिरगावातली आमची पार्टी छोटीच. सोनवणेकाका गाणार, बबन ढोलकीवर, सोनवणेकाकू कोरसमध्ये आणि मी रेकॉर्डिंगला. मशीन सेकंडहँड, आठ ट्रॅकचं, आत हार्ड डिस्क. बिघडलेली डिस्क बदलायला अर्धा तास लागला, पण त्याआधीचा आठवडा काय सांगू!

त्या वर्षी जयंतीच्या सीडीसाठी काकू पहिल्यांदाच एकट्या गायल्या. बाबासाहेबांचा पाळणा. संपल्यावर म्हणाल्या, "एकदाच हां. परत गायला लावाल तर पार्टी सोडेन!"

दुसऱ्याच दिवशी मशीन टकटक करायला लागलं. पाळणा त्याच डिस्कवर होता, दुसरीकडे कुठेच नाही!

काका मात्र डोळे मिटून टकटक ऐकत बसले. म्हणाले, "लय पक्की आहे रे. फक्त समेवर येत नाही!"

* * *

काका अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर. मशीन उघडायचं म्हणताच त्यांनी घराचा मेन स्विच पाडला आणि वर पाटी लटकवली: 'काम चालू आहे. स्विच लावू नये.' डिस्क पाच मिनिटांत निघाली. पाटी संध्याकाळपर्यंत तशीच!

काकू वाटीत खोबरं घेऊन आल्या. "साहेब, मिक्सर लावायला परमिट कोण देतं?"

* * *

डिस्क रुमालात गुंडाळून आम्ही उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये गेलो. दुकानदार म्हणाला, "साईं, इतनी छोटी अब कौन बनाता है? अस्सी जीबी ले जाओ!"

मी म्हटलं, आमचं मशीन जुनं, एवढी मोठी डिस्क त्याला झेपणार नाही. काकांनी खिशातून व्हर्निअर काढला. दोन्ही डिस्क लांबी, रुंदी, जाडी अशा नीट मोजल्या.

"मोठी कुठाय? सूतभर फरक नाही!"

दुकानदारानं हात जोडले आणि एका जुन्या कॉम्प्युटरमधून आम्हाला हवी तेवढीच डिस्क काढून दिली.

* * *

आता खरी परीक्षा. नवी डिस्क कोरी, म्हणून जुनी परत मशीनमध्ये घालून सगळी गाणी आधी कॉम्प्युटरवर उतरवायची होती. वायरीनं, वाजवत वाजवत.

खोलीतला आवाज वायरीत जात नाही. पण आमच्या पार्टीत लाल दिवा लागला की कुणी चकार शब्द काढायचा नाही, हा काकांचाच नियम. मी सांगायच्या आत काकूंनी पंखा बंद केला, बबननं चपला बाहेर काढल्या. सगळे घामानं भिजून गप्प. काकांना शिंक आली, ती त्यांनी उशीत दिली!

पाळणा सुरू झाला. मध्ये दोनदा टकटक झाली. पण गाणं शेवटपर्यंत आलं, अख्खं! मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

मी थांबवायला हात पुढे केला, तोच स्पीकरवर काकांचा आवाज. पाळणा रेकॉर्ड झाला त्या दिवशी माईक चालू ठेवूनच मी पाणी प्यायला गेलो होतो.

"बबन, कुणाला सांगू नको. ही माझ्यापेक्षा गोड गाते. म्हणून तर इतकी वर्षं कोरसमध्ये ठेवली!"

काका ताडकन उठले. "अगं, ते मी..."

काकूंनी ओठांवर बोट ठेवलं.

"शू! रेकॉर्डिंग चालूय!"