एकच धड

आमच्या खिडकीसमोर कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला आणि घरातला उजेडच गेला. मी रोज त्या हसऱ्या तोंडांना शिव्या घालते. नववीतली माझी भाची मात्र शाळेत कॉम्प्युटर ग्राफिक्स शिकायला लागल्यापासून त्या खिडकीतून हलत नाही. काल ती ओरडली, "मावशी, बघ ना! खालच्या सगळ्या शुभेच्छुकांना एकच धड चिकटवलंय. घड्याळसुद्धा तेच!"

खरंच की. डझनभर तोंडं आणि सदरा एकच. यांना कणा नाही, असं मी नुसतीच म्हणत होते. पोरीने तर यांना स्वतःचं धडच नाही हे दाखवून दिलं.

"आणि किती गचाळ कापलंय," ती हळहळली. "माझ्याकडे दिलं असतं, तर एकेकाची मान कशी सफाईने कापली असती!"

"काप बाई," मी म्हटलं.