धैर्यशीलची लाल गाडी

रविवारचं मटणाचं जेवण अंगावर आलंय. इंद्रजित भोपळे बाहेरच्या खोलीत चटईवर उताणा पडलाय. छातीवर शोरूममधून आणलेलं माहितीपत्रक पालथं आहे आणि डोळ्यांवर झापड येतेय. आत मानसी भांडी विसळतेय. तो आवाज हळूहळू लांब सरकतो, हिरण्यकेशीच्या पलीकडच्या काठावर कुणी भांडी घासत असावं इतका लांब. झोपायचं नाही असं त्यानं मनाशी ठरवलंय. आज निकाल लावायचाय आणि उद्या केतकीवहिनीला सांगायचंय, हो किंवा नाही.

इंद्रजितचं गडहिंग्लजच्या बाजारपेठेत चष्म्याचं दुकान. वय चाळिशीला टेकलेलं. धैर्यशील चौगुले त्याचा शाळेपासूनचा दोस्त, जनावरांचा डॉक्टर. आठवडाभर साध्या गाडीवर गोठे हिंडायचा आणि रविवारी सकाळी आपली लाल स्पोर्ट बाइक बाहेर काढायचा. टाकीवर वाकून बसायची ती गाडी. मागची सीट म्हणजे उंचावर ठेवलेला पाट, आणि त्या पाटावर बसून इंद्रजितनं आंबोलीचा रस्ता किती वेळा पाहिला असेल त्याला गणती नाही. एक दिवस त्यानंही अशीच गाडी घ्यायची आणि दोघांनी दोन गाड्यांवर जायचं, असं ठरलेलं. मग दोन वर्षांमागं धैर्यशीलला कावीळ झाली. त्यानं ती अंगावर काढली. जनावरांना वेळेवर औषध देणारा माणूस स्वतःच्या बाबतीत गाफील राहिला आणि पंधरवड्यात होत्याचं नव्हतं झालं.

गाडी राहिली. धैर्यशीलची बायको केतकी हायस्कुलात गणित शिकवते. तिनं गाडीवर कव्हर घातलं आणि अंगणातल्या पत्र्याखाली उभी केली. गेल्या आठवड्यात तिनं इंद्रजितला बोलावून घेतलं. सासूबाईंना गाडी डोळ्यांसमोर नकोशी झाली होती. परक्याच्या हाती देण्यापेक्षा भावजी, तुम्हीच घ्या, असं ती म्हणाली. म्हणताना ती भिंतीकडं बघत होती.

पेच असा की त्याच्या आदल्याच दिवशी इंद्रजित कोल्हापूरला जाऊन एका नव्या निळ्या गाडीवर बसून आला होता. मानसीचं म्हणणं, जुनीच घ्या. ओळखीची आहे, धैर्यभावजींनी पोटच्या पोरासारखी सांभाळलेली, आणि नाही म्हटलं तर वहिनींना काय वाटेल? शेजारचा औषधवाला म्हणाला, गेलेल्या माणसाची गाडी घेऊ नये. ते इंद्रजितनं हसण्यावारी नेलं. पण त्या दिवशी चौगुल्यांच्या अंगणात गाडीच्या हँडलला हात लावून तो उभा राहिला आणि टांग टाकायला काही त्याचा पाय उचलला नाही.

शिवाय पोटात एक गोष्ट होती, ती त्यानं मानसीलाही सांगितली नव्हती. थोरल्या भावाची सायकल, थोरल्याची पुस्तकं, थोरल्याचेच आखूड झालेले कोट, वडिलांचं दुकान, दुकानातली वडिलांची खुर्ची. उभ्या आयुष्यात मोठी म्हणावी अशी एक वस्तू त्यानं कोरी घेतली नव्हती. निळ्या गाडीवर बसल्यावर त्याला लहान पोरासारखा आनंद झाला होता, आणि त्या आनंदाची लगेच लाजही वाटली होती. मित्राची गाडी दारात उभी असताना नवीवर मन जातं, म्हणजे आपण मित्राला मागं टाकून चाललो की काय.

भांड्यांचा आवाज थांबतो.

दुकानात उजेड आहे. रविवारी दुकान बंद असतं, तरी उजेड आहे आणि तपासणीच्या खुर्चीत धैर्यशील बसलाय. डोळ्यांवर भिंगं बदलायची ती जड गोल चौकट. गुडघे खुर्चीत मावत नाहीत, सहा फुटी माणूस. तो गेलाय हे इंद्रजितला पक्कं ठाऊक आहे. पण पाहुण्याचा मोजा फाटका असला तर त्याबद्दल बोलू नये, तसं हेही बोलू नये असं त्याला वाटतं.

“शेवटची ओळ वाच,” इंद्रजित म्हणतो.

धैर्यशील समोरच्या पाटीकडं बघून सावकाश वाचतो. “आजरा. गवसे. आंबोली.”

“बरोबर. दिसतंय की तुला.”

“मला सगळं दिसतं रे इंद्या. तुझंच काहीतरी धूसर झालंय.” तो चौकट काढतो आणि इंद्रजितच्या नाकावर ठेवतो.

भिंगातून इंद्रजित बघतो, तर फळीवर चष्म्यांच्या जागी हेल्मेटं लावलेली आहेत. पायाखाली गुळगुळीत फरशी आहे. मधोमध ती निळी गाडी उभी आहे आणि आसपास विकणारा माणूस कुणी नाही. धैर्यशील तिच्याभोवती फिरतो. गाभण म्हैस तपासावी तसा टाकीवरून हात फिरवतो, मागं जाऊन वाकून बघतो, पुढं येऊन दिव्याशी तोंड नेतो, जणू दात बघून वय सांगणार आहे.

“कोवळी आहे,” तो म्हणतो. “अंगात रग आहे. पण गुणाची दिसते.”

इंद्रजितला बरं वाटतं आणि लगेच अपराधी वाटतं. तो म्हणतो, “तुझीपण बघायची आहे.”

“मग बघ की.”

शेणाचा आणि ओल्या वैरणीचा वास येतो. चौगुल्यांच्या अंगणात दावणीला म्हशी बांधल्यात आणि त्यांच्या ओळीत लाल गाडी बांधलीय, दाव्यानं. धैर्यशीलची आई सगळ्यांपुढं वैरण टाकत येते. गाडीपुढं येते, थबकते, आणि तिच्याही पुढं एक पेंडी टाकून निघून जाते. यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. धैर्यशील दावं सोडतो.

“बस.”

या वेळी पाय सहज उचलला जातो. इंद्रजित बसतो, दोन्ही हात हँडलवर ठेवतो, पुढं वाकतो. सवयीनं आरशात बघतो. आरशात मागचं अंगण दिसायला हवं. त्याला दिसतात ती त्याच्याच शर्टाची बटणं. दुसऱ्या आरशात बघतो, तिथंही तेच.

“आरसे खाली वळवलेत,” तो म्हणतो.

“व्हय.”

“तू तर माझ्याहून उंच. तुला यातून काय दिसत होतं?”

“मी कुठं वळवलेत?” धैर्यशील म्हणतो. म्हशीच्या पाठीवरची गोमाशी हातानं हाकलत उभा राहतो.

वारा लागतो. आजऱ्याच्या पुढचा रस्ता आहे, दोन्ही बाजूंना दाट झाडी, ऊन पानांतून गळतंय. इंद्रजित निळ्या गाडीवर आहे. निळी गाडी इतकी अलगद चाललीय की रस्ताच मागं वाहतोय असं वाटतं. पुढं लाल गाडी आहे. तिच्यावर मागच्या उंच पाटावर धैर्यशील बसलाय, गुडघे पोटाशी घेऊन, नव्या जावयासारखा अवघडून. चालवणाऱ्याच्या हेल्मेटखालून एक वेणी पाठीवर उडतेय. बाहीवर खडूची पांढरी रेघ आहे. वळणावर गाडी हलकेच कलते, पुन्हा सरळ होते. चालवणारीला घाई नाही. गणित पायरी पायरीनं सोडवावं तशी ती एकेक वळण घेतेय.

इंद्रजित आपली गाडी त्यांच्या बाजूला नेतो. इंजिनांच्या आवाजात ओरडावं लागायला हवं, पण धैर्यशील साध्या आवाजात बोलतो आणि सगळं ऐकू येतं.

“माझी गाडी चालवायला घेणार होतास, का मला आठवायला?”

इंद्रजित एक वळण घेतो. मग म्हणतो, “तुझी नको म्हटलं तर तुला सोडल्यासारखं होईल असं वाटलं.”

“मी काय टाकीत बसलोय?”

“तसं नाही.”

“जुनी घेण्यात वाईट काही नाही, इंद्या. चांगल्या हातची जुनी गाडी कधीही घ्यावी. पण तिला माणूस नसला तर. हिला माणूस आहे.” तो पुढच्या वेणीकडं मान उडवतो. “तू नवी घे. पहिला ओरखडा तुझ्या हातचा असू दे. पोटात कळ येईल, दोन दिवस जेवण जाणार नाही. मग गाडी तुझी झाली.”

गाड्या थांबल्यात. आंबोलीच्या कठड्यापाशी धुकं वर चढतंय आणि खालची दरी भरून गेलीय. लाल गाडी थोडी पुढं उभी आहे. चालवणारी हेल्मेट न काढता हातमोजे ओढून नीट करतेय, तिनं मागं वळून पाहिलेलं नाही. धैर्यशील इंद्रजितसमोर येऊन उभा राहतो, त्याची हनुवटी वर करतो आणि हेल्मेटच्या पट्ट्यात बोट घालून बघतो.

“ढिला आहे. नेहमीचंच आहे तुझं हे.”

तो पट्टा ओढतो. त्याची बोटं उबदार आहेत, हे इंद्रजितला नंतर कितीतरी दिवस आठवत राहणार आहे.

“लागतंय रे.”

“लागू दे. म्हणजे नीट बसलाय.” तो आणखी एकदा ओढतो.

“तू कुठं निघालास?” इंद्रजित विचारतो.

“कुठं म्हणजे? मागं बसतोय आता.” धैर्यशील हसतो. “मला ठाऊकच नव्हतं रे. मागं बसलं की सगळं बघता येतं. झाडं, माणसं, बांधावरची जनावरं. इतकी वर्षं नुसता रस्ता बघत होतो.”

तो वळतो आणि धुक्यात चार पावलं टाकतो.

“उठा, चहा घ्या,” मानसी म्हणते.

पंखा फिरतोय. ऊन खिडकीतून उतरून फरशीवर आलंय. इंद्रजित उठून बसतो, माहितीपत्रक घसरून चटईवर पडतं. मानसी कप पुढं करते आणि तशीच थांबते. हनुवटीखाली काय झालं म्हणून विचारते. काही नाही, असं म्हणत तो आत आरशापाशी जातो आणि मान वर करतो. एका कानापासून हनुवटीखालून दुसऱ्या कानापर्यंत लालभडक वळ उमटलाय, बोटभर रुंद. पट्ट्याची वीणसुद्धा त्यात उठलीय. तो उताणा झोपला होता, खाली चटई होती, उशीदेखील नव्हती.

चहा तसाच ठेवून तो फोन घेतो आणि मागच्या दारी जातो.

केतकी फोन उचलते. तो सांगतो की वहिनी, गाडी मी घेत नाही, मी नवी नोंदवतोय. ती बरं म्हणते. राग नाही तिच्या आवाजात, उलट अवघड ओझं खाली ठेवल्यावर माणूस श्वास सोडतं तसा एक श्वास ऐकू येतो. मग ती घाईनं म्हणते की दुसरं कुणी गिऱ्हाईक असेल तर बघा.

“वहिनी,” इंद्रजित म्हणतो, “आरसे तुम्ही खाली वळवलेत?”

पलीकडं चिमण्या ऐकू येतात, तिच्या अंगणातल्या.

मग ती बोलायला लागते आणि बोलतच राहते. दिवाळीपासून ती पहाटे गाडी ढकलत शाळेच्या मैदानावर नेते. सुरुवातीला बॅटरी उतरू नये म्हणून नुसती चालू करायची. मग एक दिवस पहिला गिअर टाकून बघितला. एकदा पडली, कोपर फुटलं, घरी न्हाणीत घसरले म्हणून सांगितलं. आता वळणं जमतात. सासूबाईंनी गाडी काढून टाक म्हटल्यावर मला हवी आहे हे शब्द तिच्या तोंडून निघेनात. गावात लोक काय म्हणतील, डॉक्टरांची बायको, नवरा जाऊन दोन वर्षं झाली आणि ही लाल गाडीवर. तुम्ही हो म्हणाला असतात तर मुकाट्यानं किल्ली दिली असती, असंही ती म्हणते.

इंद्रजित तिला सांगतो की उद्या तो घरी येईल आणि धैर्यशीलच्या आईशी, काकूंशी, बोलेल. शाळेत असताना तो निम्मी जेवणं त्या घरात जेवलाय, काकू त्याच्यावर रागावतील, पण ऐकून घेतील. आणि नवी गाडी आली की आंबोलीला जायचं, मानसी त्याच्या मागं बसेल. पुढं तुम्ही राहा, तो म्हणतो, मला अजून त्या वळणांचा सराव नाही.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज येतो.

“पण भावजी,” ती विचारते, “तुम्हाला हे कुणी सांगितलं?”

खोटं बोलायला त्याला काही सुचत नाही.

“धैर्यानं.”

ती चकित होत नाही. काय बोलताय असंही म्हणत नाही. परगावाहून आलेल्या माणसाला विचारावं तसं विचारते,

“बरा होता का?”

“बरा होता, वहिनी. खुशीत होता.”

इंद्रजित हनुवटीखाली बोट फिरवतो. वळ अजून उबदार लागतो.