आबांचं लायसन संपायच्या आत: इलेक्ट्रिक गाडीतून बारामती-इंदापूर

गाडी घ्यायचं ठरवून मला सात महिने झाले होते आणि आबांचं लायसन संपायला एकवीस दिवस उरले होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, बाई, आधी गाडी तर ठरव.

आबा म्हणजे माझे वडील. वय चौऱ्याहत्तर, मुक्काम कन्हेरी, बारामतीजवळ. साखर कारखान्याच्या शेतकी खात्याची जीप त्यांनी तीस वर्षं चालवली. साहेब बदलत गेले, जीपही दोनदा बदलली, चालवणारे आबा तेच. स्वतःची चारचाकी त्यांनी कधी घेतली नाही. मला गाडी शिकवली ती मात्र त्यांनीच, कॅनॉलच्या कडेच्या रस्त्यावर, साहेबांची परवानगी काढून. "काट्याकडं बघू नगं, इंजान काय म्हणतंय ते ऐक," हा त्यांचा पहिला धडा. तेव्हापासून मला गाडी चालवायला वेड्यासारखं आवडतं. पुण्याच्या ट्रॅफिकलाही ते वेड घालवता आलेलं नाही.

माझी पंधरा वर्षांची गिअरची गाडी आता थकली. नवी घ्यायची तर इलेक्ट्रिकच, हे नक्की होतं. पण पळणारी हवी आणि चालवताना मजा देणारीही हवी. सात महिने व्हिडिओ बघून शेवटी दोन गाड्या उरल्या. नावं लिहिणार नाही. कंपन्यांच्या चाहत्यांची भांडणं कमेंटमध्ये निस्तरायची ताकद आता माझ्यात राहिलेली नाही. एकीला करडी म्हणू, दुसरीला निळी. करडी उंच, ऐसपैस, आत तीन पडदे, मागे अख्ख्या लग्नाचा आहेर मावेल एवढी डिकी. पाय दाबला की सुसाट सुटते. पण चालवताना लिफ्टमध्ये उभं असल्यासारखं वाटतं, बटण दाबलं की मजला आपोआप येतो. निळी बुटकी, ताकद मागच्या चाकांना, स्टिअरिंग जरा जड, किंमत थोडी जास्त. करडीच्या शोरूमवाल्यानं सोमवारपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. निळी माझ्या ऑफिसातल्या सुचेताकडे होती. तिनं ती शनिवार-रविवारसाठी मला दिली आणि माझी जुनी नेली. अर्ध्या तासात तिचा फोन आला, "अगं, क्लच कुठल्या पायाचा?"

खरं कारण आता लिहून टाकते. कुठलीही गाडी बुक केली तरी ती हातात येईपर्यंत आबांचं लायसन संपलेलं असणार. डाव्या डोळ्याला काचबिंदू आहे, रोज औषध घालतात. नूतनीकरणाला डॉक्टरांचा फॉर्म लागतो आणि आबा म्हणत होते की आता कशाला. मला त्यांना एकदा, फक्त एकदा, चांगल्या गाडीच्या स्टिअरिंगवर बघायचं होतं. साहेबांच्या नाही, आपल्या माणसाच्या गाडीच्या. आणि त्यासाठी हातात हे दोनच दिवस होते.

शनिवारी सकाळी साडेसहाला हडपसर सोडलं. सोलापूर हायवे पाटसपर्यंत उत्तम आहे. यवतच्या आसपास सर्व्हिस रोडवरून उलटे येणारे दुचाकीवाले तेवढे सांभाळा. टोलला फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. पाटसला उजवीकडे वळलं की रोटी घाट लागतो. घाट कसला, चार वळणं आहेत, सह्याद्रीतल्या लोकांना हसू येईल. पण त्या चार वळणांत निळीनं मला जिंकलंच. स्टिअरिंग वळवलं की नाक लगेच आत, आणि बाहेर पडताना मागून हळूच ढकलणारा हात. तरी काहीतरी कमी होतं. डावा हात गिअर शोधत होता आणि रिकामा परत येत होता. मला गिअरची आठवण येते, हे कबूल करायला लाज वाटत नाही.

बारामतीत मिसळ खाऊन साडेनऊला कन्हेरीत पोचले. आबा दारात उभे होते. आधी टायर दाबून पाहिले, मग वाकून गाडीच्या पोटाखाली पाहिलं, मग माझ्याकडे. तोवर शेजारचे कुंडलिकतात्या आले. पाच एकर ऊस, कारखान्याचे जुने सभासद, आबांच्या जीपमधून पाहणीला फिरलेले.

"जय भीम राव," तात्या आबांना म्हणाले आणि गाडीला फेरी मारली. "इंजान कुठंय ह्येचं?"

मी पुढचं झाकण उघडलं. आत रिकामी पेटी.

"आरं तिच्या! हितं तर पेंडीचं पोतं बसंल की. आन् अ‍ॅव्हरेज?"

"तात्या, हिला पाजायचं काय न्हाय," मला बोलू न देता आबा म्हणाले. "मोबाइलवानी लावायची."

लावली. भावानं मोटारीच्या खोलीतल्या पंधरा अँपियरच्या प्लगला वायर जोडून दिली. गावाकडे जाणार असाल तर घरचा चार्जर सोबत न्याच, आणि आधी अर्थिंग तपासून घ्या. मध्ये दोनदा वीज गेली, तरी सकाळपर्यंत तिसरा हिस्सा भरला. फुकट, म्हणजे भावाच्या बिलावर.

जेवताना मी विषय काढला. वहिनीनं बाजरीची भाकरी आणि हरभऱ्याची भाजी केली होती.

"आबा, उद्या इंदापूरला जाऊ. तुम्ही चालवा."

"माझं काय आता."

"लायसन आहे की अजून."

"हाय," आबा भाकरी मोडत म्हणाले. "एकवीस दिस हाय."

मला वाटत होतं, दिवस मोजणारी मी एकटीच आहे. मी पाण्याचा तांब्या ओढला. वहिनीला सांगितलं, ठेचा तिखट आहे.

रविवारी निघालो तेव्हा आबा मुकाट डाव्या सीटवर बसले. तीस वर्षं उजवीकडे बसलेल्या माणसाला डावी बाजू सोसत नाही. मी कुणाला मागे टाकलं की त्यांचा उजवा पाय खालच्या मॅटवर दाबला जायचा. काटेवाडी, भवानीनगर, सणसर. रस्ता छान, दोन्हीकडे ऊस, पण हंगाम असल्यानं दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर सारखे आडवे. रस्त्यावर सांडलेल्या उसावरून दुचाकी घसरते, हे लक्षात ठेवा. लासुर्ण्याच्या अलीकडे रसाला थांबलो. पैसे देऊन मी आधी गाडीकडे गेले आणि सरळ डाव्या सीटवर जाऊन बसले.

आबा ग्लास हातात धरून बघत राहिले. मग आले, दार उघडलं, चपला काढून सीटच्या मागे ठेवल्या. गाडी ते नेहमी अनवाणी चालवतात, पायाला कळायला पाहिजे म्हणून. बसल्यावर सीट पुढे घेतली, आरसे लावले आणि विचारलं, "सुरू कवा करायची?"

"झालीये सुरू."

"व्हय?"

पहिला किलोमीटर चाळीसच्या वर गेले नाहीत. डावा पाय दोनदा क्लच दाबायला गेला आणि हवेत राहिला. मग हळूहळू खांदे सैल झाले. पंचावन्न. साठ. एका एसटीला त्यांनी असं मागे टाकलं, की मी मोबाइल काढून फोटो घ्यायचं विसरले. त्यांचा चेहरा बघत राहिले. असा चेहरा मी शेवटचा कधी पाहिला होता, आठवत नाही.

पुढे लांबट उतार लागला आणि आबांनी गाडी न्यूट्रलला टाकली.

मी दचकले. जीपच्या दिवसांची सवय. उतार दिसला की न्यूट्रल, तेवढंच डिझेल वाचतं. कारखान्याच्या ड्रायव्हरांत यावरून पैजा लागायच्या आणि आबा त्या जिंकायचे. हल्ली कुणी असं करू नये, पण त्या पिढीला सांगणार कोण.

"आबा, हिच्यात उलटं असतं. न्यूट्रल केलं की तोटा. पाय काढला, की चाकं फिरताना बॅटरी भरते. म्हणून तर गाडी आपोआप हळू होते."

आबांनी गाडी परत ड्राइव्हला घेतली. "म्हंजी उतरणीला ही कमावती?"

"हो. आणि किती कमवायचं ते या खटक्यांवर." स्टिअरिंगच्या मागे दोन बाजूंना दोन खटके असतात. डावा ओढला की गाडी जास्त अडवते, उजवा ओढला की मोकळी सोडते. मी ते सुचेताच्या सांगण्यावरून एकदा ओढून पाहिले होते आणि निरुपयोगी म्हणून सोडून दिले होते.

आबांनी डावा ओढला. गाडीनं दम धरला. पुन्हा ओढला. "हा थर्ड," ते म्हणाले, "आन् ह्यो सेकंड." पुढे स्पीड ब्रेकर होता. ब्रेकला पाय न लावता, खटक्या-खटक्यानं वेग उतरवत, त्यांनी गाडी त्यावरून अशी नेली की डॅशबोर्डवरची पाण्याची बाटली हलली नाही. मग उजवा ओढला, सुटलो. "आवाज न्हाय," ते स्वतःशीच म्हणाले, "पर पायाला कळतंय."

सात महिने मी व्हिडिओ बघत होते. शून्य ते शंभर किती सेकंदांत, बॅटरी किती युनिटची, सगळं पाठ होतं. गिअर गेले म्हणून उसासे टाकत होते. आणि आबांना ते दहा मिनिटांत सापडले. करडीत हे खटके नाहीतच, ती सगळं आपलं आपण ठरवते. माझा निर्णय तिथंच झाला.

निमगाव केतकीच्या अलीकडे आबांनी दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मागे टाकला आणि गाडी डावीकडे घ्यायला लागले. डावीकडे, अगदी दाराजवळ, दुचाकीला कॅन लटकवलेला दूधवाला होता.

"आबा, डावीकडं!"

गाडी जागच्या जागी सरळ झाली. दूधवाला हॉर्न वाजवत, शिव्या देत पुढे गेला. काही झालं नाही. वीतभर अंतर राहिलं होतं, पण काही झालं नाही.

आबा थोडं अंतर तसेच चालवत राहिले. मग इंडिकेटर दिला, लिंबाच्या झाडाखाली गाडी उभी केली.

"दूधवाला मला दिसला न्हाय," ते म्हणाले.

"असं कुणालाही होतं आबा. ट्रॅक्टरच्या आड होता तो."

"आड नव्हता. तुला दिसला. मला न्हाय दिसला." त्यांनी मागून चपला घेतल्या, पायात घातल्या, गाडीला वळसा घालून माझ्या दाराशी आले. "चल, तू घे."

चूक माझी होती. डोळ्यांचं मला माहीत होतं आणि तरी हौस भारी पडली. त्या दूधवाल्याला काही झालं असतं तर हा ब्लॉग मी लिहिला नसता, कुठल्या तोंडानं लिहिणार? पण तेवढंच खरं हेही आहे, की उजवीकडे जाऊन बसल्यावर मला रडू आलं, आणि ते भीतीचं नव्हतं. सीट त्यांच्या मापाला पुढे सरकलेली होती. मी बराच वेळ ती मागे घेतली नाही.

इंदापुरात हायवेजवळच्या एका हॉटेलात चार्जर आहे. गाडीला लावायच्या दोन गनपैकी एक बंद, दुसरीसाठी अ‍ॅप उतरवून घ्या, आधी पैसे भरा, मग ती दया आल्यासारखी सुरू होते. ऐंशी टक्क्यांपर्यंत पाऊण तास. घरच्या विजेच्या दुपटीहून महाग, तरी पेट्रोलपेक्षा स्वस्त. तेवढ्यात दोन थाळ्या झाल्या. आबा नेहमीसारखं जेवले. मीच ताटात चाळवत बसले.

"दुसरी गाडी कशी हाय म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

"मोठी आहे. आरामशीर. सगळं स्वतः करते."

"मग ती बसणाऱ्याची हाय. चालवणाऱ्याची ही." आणि ताक मागवलं.

परत येताना हायवेनं आलो. डाळजच्या आसपास उजनीचं पाणी रस्त्याजवळ येतं. गाडी लावून थोडा वेळ उभे राहिलो. लांब पाण्यात रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ दिसत होती. पक्ष्यांसाठी जाणार असाल तर सकाळी लवकर जा आणि बोटीचे पैसे आधी ठरवून घ्या. आम्ही बोटीत बसलो नाही. भिगवणला चिलापी मासे तळून बांधून घेतले, वहिनीसाठी. भिगवण-बारामती रस्त्यावर ऊन कलायला लागलं होतं. मी खटके ओढत चालवत होते, थर्ड, सेकंड, आणि शेजारी आबांचा पाय मॅटवर शांत होता. हे लक्षात आल्यावर मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

कन्हेरीत उतरल्यावर त्यांनी सवयीनं फडक्यानं काच पुसली. सातच्या सुमारास मी पुण्यात सुचेताच्या हातात चावी दिली. माझी जुनी गाडी परत घेतली, पहिला गिअर टाकला, आवडला. पण आता तिची ओढ पूर्वीसारखी राहिली नव्हती.

सोमवारी करडीवाल्याला नाही म्हणून सांगितलं, निळी बुक केली आणि आबांना फोन लावला.

"बरं केलंस. मिळायची कवा?"

"दोन महिने म्हणतात."

दोन महिन्यांत काय संपलेलं असणार हे दोघांनाही माहीत होतं. तरी मी विचारून पाहिलं, "डॉक्टरांचा फॉर्म आणायचा का?"

"नगं," आबा म्हणाले. आवाज स्वच्छ होता. "तीस वर्सं मी सायबांच्या दारात गाडी घिऊन हुबा राहिलो. आता तू माज्या दारात घिऊन ये."

"येते," मी म्हणाले. "कुठं जायचं, आबा?"

"ते बसल्यावर सांगीन," आबा म्हणाले. "सायब तरी कुठं आधी सांगायचे?"