कस्तुरीअक्काचं आमेन

राजाजीनगरच्या कस्तुरीअक्काच्या तोंडात तीळ भिजत नाही, अशी चर्चच्या अख्ख्या मराठी मंडळीची खात्री होती. आणि खोटं कशाला बोला, खात्रीत तथ्य होतं. निपाणीकडची बाई, आवाज खणखणीत. कुणाच्या घरी नवा मिक्सर आला तरी बातमी अक्काकडूनच कळायची. पण महिन्यातून एका शनिवारी ती प्रभूभोजनाची भाकर करायची, बिनखमिराची, गव्हाची. तेव्हा शेजारी बसून पीठ मळणाऱ्याने जे सांगितलं, ते त्या स्वयंपाकघराबाहेर कधी गेलं नाही. हा तिचा नेम होता. तो कुणाला ठाऊक नव्हता, कारण न बोललेली गोष्ट कुणाला ऐकू येणार?

पीठ मळायला यायची सिद्धी. नागपूरची पोर, आयटीत नोकरी, इथे आई नाही म्हणून अक्काच आई. एका शनिवारी तिने सांगितलं की पुण्याच्या ध्रुवला लग्नासाठी नकार द्यायचं तिने ठरवलंय. पुढच्या रविवारी तो इथे येणार होता, तेव्हा ती समोर बसून सांगणार होती. तोवर हे फक्त अक्काला आणि मंडळीचे सेक्रेटरी उमाकांतकाका यांना माहीत. दोघांकडे तिने एवढंच मागितलं, की माझ्यासाठी प्रार्थना करा.

ध्रुव आला तोवर बभ्रा झाला होता. चर्चच्या दारातच कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याचं सांत्वन करून टाकलं. बिचाऱ्याला कशाचं सांत्वन ते कळेना! सिद्धीने रडत त्याची माफी मागितली आणि मग अक्काकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. काकांसारख्या गंभीर माणसाकडे कोण कशाला बघतंय? पुढच्या महिन्यात सिद्धी पीठ मळायला आली नाही, आणि पाळकसाहेबांनी सौम्यपणे सुचवलं की काही दिवस भाकर दुसऱ्या कुणी केली तर बरं.

भाकर गेल्याचं दुःख होतंच, पण पोरीचा विश्वास उडाला ते अक्काच्या जिव्हारी लागलं. घरोघर जाऊन भांडायला म्हणून तिने चपला पायात घातल्याही. मग दारातच थांबली. जन्मभर बडबडलेल्या तोंडाने मी बोलले नाही म्हटलं, तर ऐकणार कोण? मी हा न्याय देवावर सोपवलाय, असं तिने नवऱ्याला सांगून टाकलं. सोपवला म्हणजे काय, रोज चपात्या लाटताना देवाला आठवण करून द्यायची. "तुला घाई नसेल बाबा, मला आहे स्वल्प." कधी सूचनाही द्यायची, की ज्याने हे केलं त्याचा घसा बसू दे, कायमचा नको, इस्टरपर्यंत पुरे.

अशात घरोघरी होणाऱ्या प्रार्थनासभेची पाळी अक्काकडे आली. तिने रागारागाने उप्पीट केलं आणि ते नेहमीपेक्षा चांगलं झालं. सगळे आले, म्हणून सिद्धीही आली आणि दाराशी बसली. शेवटची प्रार्थना उमाकांतकाकांची. सगळ्यांनी डोळे मिटले. काका कुणासाठी प्रार्थना करायला लागले की देवाला सगळी कहाणी पहिल्यापासून ऐकवत.

"आणि प्रभू," काका म्हणाले, "अनुषाने परवा मला एकट्याला विश्वासात घेऊन जे सांगितलं..."

अक्काने एक डोळा उघडला. समोर मंडळीतली पोर अनुषा पांढरीफटक पडली होती, आणि तिच्या मांडीला मांडी लावून तिची आई बसली होती. आणि अक्काला सगळं उमगलं. ध्रुव येण्याआधी मल्लेश्वरमला झालेल्या सभेला ती पाठदुखीमुळे गेली नव्हती, आणि सिद्धीही नोकरीमुळे नव्हती. सिद्धीची गोष्ट तिथेच फुटली होती. काका कुणाला सांगतच नव्हते हो, ते देवाला सांगत होते, भरल्या खोलीत! आणि प्रार्थनेत ऐकलेलं आपण ऐकलं असं कुणी धरत नाही, चहाच्या वेळी मात्र ते बरोबर आठवतं.

आता अक्काने फक्त गप्प बसायचं होतं. आणखी एक वाक्य, आणि काका सगळ्यांदेखत आपल्याच तोंडाने पकडले गेले असते. इतके दिवस मागितलेला न्याय ताटात वाढून आला होता. पण त्याची किंमत अनुषाला मोजावी लागणार होती.

"आमेन!" अक्का गरजली.

सवयीने सगळे आमेन म्हणाले. काकांचं तोंड उघडंच राहिलं. कुणी काही विचारायच्या आत अक्काने गीत सुरू केलं, तेही नको तेवढ्या वरच्या पट्टीत.

पण दाराशी बसलेल्या सिद्धीचेही डोळे उघडे होते. ती अक्काच्या मागोमाग स्वयंपाकघरात ओट्याशी आली.

"अक्का, तुम्ही सांगितलं का नाही, की ते तुम्ही नव्हता?"

"तू विचारलंस कुठं?"

सिद्धी तिच्या गळ्यात पडून रडली, आणि अक्काही रडली, ओल्या हातांनीच. काका तोवर दारात येऊन हे सगळं ऐकत होते. माणूस सरळ, चूक कळल्यावर पार कोसळलेला. मी कुणालाच सांगितलं नव्हतं हो, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. अक्काने त्यांच्या हातात उपिटाची बशी दिली.

"देवाला सगळं ठाऊक असतं, काका. त्याला नुसतं नाव सांगा."

रविवारी काकांनी स्वतः उभं राहून सगळ्या मंडळीसमोर आपली चूक कबूल केली. आणि पुढच्या शनिवारी सिद्धी पीठ मळायला हजर होती. अक्का लाटणं हातात घेऊन पुटपुटली, "बाबा, ते घशाचं राहू दे. मी मागे घेते."

"कुणाच्या घशाचं?" सिद्धीने विचारलं.

"पीठ मळ," अक्का म्हणाली.