मोहाखाली बसण्याची शिक्षा

तुमसर रोडला रेल्वेतून उतरलो तेव्हाच माझं डोकं तापलेलं होतं. अठ्ठ्याहत्तर सालचा चैत्र होता. नागपूरच्या आमच्या ऑफिसात हेडक्लार्कची जागा मला मिळणार होती आणि ती एका कागदावर अडली होती, तंदुरुस्तीच्या दाखल्यावर. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, पाऱ्याकडे पाहिलं आणि उघडलेल्या पेनाला परत टोपण लावलं. "रक्तदाब फार आहे. आठवडाभर रानात कुठे तरी जाऊन या. झाडं बघा, काही करू नका. सोमवारी शेवटचं तपासू. उतरला नसेल तर मी सही करणार नाही."

काही करू नका, म्हणे. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला. वडील आंधळगावला दुसऱ्याच्या बांधीत (धानासाठी बांध घातलेल्या शेतात) राबले, मी दोन शिकवण्या करून कॉलेजला गेलो आणि बी.कॉम. झालो. त्यातलं काहीही न करता झालेलं नाही.

तुमसरच्या स्टँडवर आंबागडची बस उभी होती. ड्रायव्हर टपरीवर बशीतला चहा फुंकत होता. सुटायची वेळ केव्हाच होऊन गेली होती. मी कंडक्टरला विचारलं, "गाडी कधी सुटणार?"

"भरली का सुटते."

"अहो, तिथे भिंतीवर वेळ लिहिली आहे."

"मंग भिंतीपाशी जाऊन बसा ना साहेब. मी गाडीचं सांगून राहिलो."

आतले सगळे हसले. एक म्हातारी सरकून जागा करत म्हणाली, "बस बापू. उभं रायल्यानं का गाडी लवकर निघते?" मी बसलो, पण गाडी सुटेपर्यंत रागाने खिडकीचा गज धरून होतो. पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापणी होऊन गेलेल्या कोरड्या बांध्या, तळाशी थोडं पाणी उरलेले तलाव आणि मग एकदम टेकडी. तिच्या माथ्यावर आंबागडच्या किल्ल्याचा बुरूज. देखणं दृश्य होतं. मी मात्र घड्याळ पाहत होतो.

पायथ्याच्या गावात माझी जनामावशी एकटी राहायची. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलती लेक बपेऱ्याला दिलेली. मावशीने गरम भात आणि लाखोरीचं (लाख डाळीचं) वरण वाढलं, वर लाल मिरचीचा ठेचा. मी दाखल्याची सगळी हकिकत सांगितली. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "म्हणजे डाक्टरनं तुले बसाले सांगतलं. मंग बरा आला. मोह पडून राहिला."

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, उजाडायच्या आधी तिने मला मोहाखाली नेलं. त्या गावात कोणतं झाड कोणत्या घरचं हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. मावशीचं हे एकच. वाळवलेल्या फुलांवर तिला पावसाळाभराची मीठ-मिरची मिळायची आणि पुढे त्याच झाडाच्या बियांच्या तेलावर वर्षभर तिची भाजी शिजायची. खालचा पाचोळा तिने जाळून टाकला होता. त्या काळ्या जमिनीवर पिवळट, रसाळ फुलं पडलेली होती आणि सगळीकडे गोड, जड वास होता. वरून मधूनच एक फूल पडे. टप. मग बराच वेळ काही नाही. मग दोन.

"किती वाजेपर्यंत पडतात?" मी विचारलं.

"पडणं होईपर्यंत."

"फांदी हलवली तर एकदम नाही पडणार?"

"तुले उठवाले कोणी खाट उलटी केली त चालते का?" असं म्हणून ती सरकत सरकत फुलं वेचत राहिली. बसणं, वेचणं, परत बसणं. ऊन चढेपर्यंत एक टोपली भरली. माझी पाठ धरली आणि डोकं त्याहून जास्त धरलं.

दुपारी बपेऱ्याहून निरोप आला, लेकीला बरं नाही. जाताना मावशीने बजावलं, "उद्याच्याले फक्त बसजो. पडली का वेचजो. आणखी काही करू नोको." डॉक्टर आणि मावशी एकाच शाळेत शिकले असावेत.

गुरुवारी उजाडताना मी झाडाखाली होतो. टप. मी वाट पाहिली. टप. सांदवाडीच्या (घरामागच्या वाडीच्या) कुडाला मावशीचा लांब बांबू टेकवलेला मला आठवला. जाऊन घेऊन आलो. हेडक्लार्क होऊ घातलेल्या माणसाला कामाची पद्धत सुधारता येऊ नये, हे मला पटत नव्हतं. पोहोचतील तेवढ्या फांद्या मी झोडल्या. सडा पडला. तासाभरात दोन टोपल्या भरल्या, अंगणात पसरल्या आणि पाय पसरून मावशीची वाट पाहत बसलो. खरं सांगतो, शाबासकीची वाट पाहत होतो.

ती ऐन उन्हात आली. लेक ठीक होती. अंगणापाशी येऊन थांबली, वाकली आणि एक फूल माझ्या हातावर ठेवलं. "चावून पाय."

ते फूल नव्हतंच. घट्ट, हिरवट कळी होती. तोंड कडू झालं. सड्यात कळ्यांचे अख्खे घोस होते, देठासकट मोडलेले. त्यांना गोडवा यायचा होता, नंतर त्यांच्याच जागी फळं धरायची होती. मी फुलंही घालवली आणि तेलही.

मावशी ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती माजघरात गेली आणि पाणी प्यायली. शेजारच्या झाडाचा धनी सुकरूबुवा तेवढ्यात कुडापाशी आला. "कोणं झोडलं वो बाई?"

"शिकेल भाच्यानं."

"मंग त्यालेच बसवा. झोडल्या मोहाखाली झोडणारानं बसाव. आपल्या मनानं फूल पडेपर्यंत. आमचा बाप मले बसवे."

"अहो, पण झाडावर आता उरलंय काय?" मी म्हणालो.

"थेच पायजो बसून."

शुक्रवारी मी बसलो. वेचायला काही नव्हतं, उठायची परवानगी नव्हती. एका म्हाताऱ्याच्या सांगण्यावरून पदवीधर माणूस झाडाखाली शिक्षा भोगतो, याचा मला भयंकर राग आला. पण नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? इतर झाडांखालून फुलं पडल्याचे आवाज येत होते, आमच्याकडून एकही नाही. सुकरूबुवा भरली टोपली डोक्यावर घेऊन जाताना मुद्दाम थांबला. "कितीक झाले साहेब?"

शनिवारीही तेच. फरक इतकाच की राग संपायच्या आत तो धरून ठेवायचा कंटाळा आला. मुंग्यांची एक रांग मोडलेल्या घोसावरून जात होती. टेकडीवर ऊन आधी बुरुजाला लागतं, मग तटाला, मग झाडांच्या शेंड्यांना, आणि आपल्यापर्यंत यायला त्याला बराच वेळ लागतो, हे मी तेव्हा पाहिलं. मावशी सुकरूच्या झाडाखाली त्याला फुलं वेचू लागत होती, तो देईल त्या वाट्यावर. माझ्यामुळे. ते पाहणं मात्र कठीण होतं.

रविवारी सकाळी शेंड्याकडून, जिथे माझा बांबू पोहोचला नव्हता, एक फूल सुटलं. माझ्या गुडघ्यासमोर पडलं. टप. मी हलकेच उचललं. काही वेळाने दुसरं. ओंजळभर झाली तेव्हा नेऊन मावशीला दिली. तिने ती मोजूनमापून पाहिली नाही, सरळ सुपात टाकली. "सरली झाडाची रीस," ती म्हणाली. "तुयी?"

"माझा राग अजून आहे."

"राहू दे. बसची वेळ होऊन राहिली."

बस अर्थातच वेळेवर आली नाही. नागपूरला पोहोचेपर्यंत मी परत तापलो होतो. सोमवारी डॉक्टरांनी पट्टा बांधला, पाऱ्याकडे पाहिलं आणि पेन बाजूला ठेवलं. "अजून जास्तच आहे. काय केलंत तिथे?" मी बसचं सगळं गाऱ्हाणं मांडलं. ते म्हणाले, "बाहेर बसा थोडे. मग बघू. शेवटचं."

दवाखान्याच्या आवारात एक कडुनिंब होता. मी त्याच्याखाली टेकलो. दार दिसू नये म्हणून पाठ करून बसलो. कडुनिंबाचा बारीक मोहर गळत होता. एक फूल पडलं. मी पुढच्याची वाट पाहत राहिलो. शिपायाने खांद्याला हात लावला तेव्हा कळलं की तो तीनदा हाका मारून गेला होता.

या वेळी डॉक्टर पाऱ्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिले. "औषध घेतलंत का?"

"नाही. बसलो होतो."

त्यांनी सही केली. दाखला खिशात घालून मी हेडक्लार्क झालो. ऑफिसातले कारकून कामं अजून रेंगाळतच करतात आणि मीही त्यांच्यावर अजून चिडतो, फक्त आता खुर्चीवर टेकून, थोडं थांबून चिडतो. पण त्या वर्षी जनामावशीची भाजी कोणत्या तेलावर शिजली, हे तिने कळवलं नाही आणि मला विचारायचं धैर्य झालं नाही. पुढच्या चैत्राची रजा मी आताच टाकून ठेवली आहे. कारणाच्या रकान्यात लिहिलं आहे: बसणे.