मामांना मीच लंगडू दिलं नाही

मंडळी, आज चाकूरला पाण्याच्या टँकरवर बंदोबस्ताला होतो. तिथं आमचे हवालदार काशिनाथमामा भर उन्हात एका पायावर भार देऊन उभे दिसले.

मागच्या दुष्काळात अशाच बंदोबस्तावर असताना टँकरच्या रेटारेटीत त्यांचा पाय चाकाखाली गेला होता. मेडिकल बोर्डापुढं जायच्या आधी मीच कानात सांगितलं, "मामा, डॉक्टरपुढं लंगडू नका, नोकरी जाईल." मामा दात आवळून सरळ चालले, वर कडक सॅल्यूट ठोकला. डॉक्टरांनी लिहिलं, ड्युटीस फिट.

ड्युटीवर अपंगत्व आलं तर नोकरी जात नाही, त्याच पगारावर बैठं काम मिळतं, हे मला काल कळलं. आज सांगायलाच जवळ गेलो.

मी बोलायच्या आत मामाच म्हणाले, "लेका, तुझ्यामुळं नोकरी राहिली माझी. लई उपकार हायेत."

मी म्हणालो, "असू द्या मामा."

आता खरं सांगू तरी कोणत्या तोंडानं?