पदवीधरांच्या रांगेबाहेर

परवा रविवारी एश्बॉर्नमधल्या शाळेच्या फाटकाशी मी बायकोची पर्स धरून उभा होतो. जर्मन नागरिक झाल्यावरची तिची ही पहिलीच निवडणूक, राज्याच्या विधानसभेची, म्हणजे इथल्या लांडटागची. माझा पासपोर्ट अजून भारतीयच. पर्सचं गार कातडं हाताला लागलं आणि मी थेट शाळकरी वयातल्या साताऱ्यात पोचलो.

तिथे विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाचं मतदान होतं. आम्हा तिघा भावंडांचं करून आई चाळिशीत बी.ए. झाली होती. आप्पा एसटीत मेकॅनिक, नववी शिकलेले. एरवी घरातली मतं कुणाला जाणार, हे तेच ठरवायचे. त्या दिवशी मात्र इस्त्रीचा शर्ट घालून, ग्रीसने काळ्या झालेल्या बोटांत आईची पर्स धरून ते रांगेबाहेर उभे होते. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "मिसेसचं मतदान आहे. पदवीधरांचं. आपल्याला नाही." मला इतकी लाज वाटली की मी लांब जाऊन उभा राहिलो.

आई बाहेर आली. "यात शिक्का नसतो, पसंतीचे आकडे लिहायचे असतात," ती म्हणाली.

"मग पहिली पसंती कुणाला दिलीस?"

"अहो, गुप्त असतं ते!"

आप्पा एवढ्या मोठ्याने हसले, की दारावरचा पोलीस वळून बघायला लागला.

"तुम्ही नाही का मत देणार?" इकडे एश्बॉर्नच्या फाटकाशी शेजारी उभ्या आजीबाईंनी मला जर्मनमध्ये विचारलं.

"नाही," मी म्हटलं, "मिसेसचं मतदान आहे." आणि पर्स नीट दिसेल अशी पुढे धरली.